गप्प म्हणजे वेळ आहे

दादा,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे हे तुला कानांनीच माहीत होतं. पेन कागदावर करकरलं की तू म्हणायचास, "शके, कोंबडी चालली का गं?" ऱ्हस्व-दीर्घ चौथीत जेवढं आलं तेवढंच येतं, चुकेल तिथे चुकेल. हे तू वाचणार नाहीस आणि दुसऱ्या कुणाला मी दाखवणार नाही. तरी माफी मागते, कारण कुठलंही काम मी माफी मागूनच सुरू करते, आणि त्याची तुला चीड यायची.

तुला जाळून आल्यावर मी तुझं घड्याळ फोडलं, हे पहिलं सांगते.

क्रेमेटोरियममध्ये लेन बोलायला उभा राहिला. तुमच्या बुद्धिबळ क्लबाचा कॅप्टन, म्हणजे त्याचा मान होता. तिथल्या माणसाने त्याला कोपराला धरून पुढे नेलं. पांढरी काठी छातीशी धरून तो म्हणाला, "अशोक सरळ गळ्यालाच हात घालायचा. बचाव त्याला माहीतच नव्हता. एका घड्याळापुढे मात्र त्याचं कधी चाललं नाही." माणसं हसली. वाईट नाही हसली, प्रेमाने हसली. क्लबातली मार्गारेट तर रडता रडता हसली. मी पहिल्या रांगेत होते. उठून ओरडावंसं वाटलं. मी पदर दातात धरला आणि गप्प बसले.

घरी आले तर टेबलावर तुझा पट तसाच होता, अर्धा डाव मांडलेला, आणि बाजूला ते जुनं घड्याळ, काच काढलेलं, काटे बोटाने चाचपता यावेत म्हणून. मी खलातला बत्ता उचलला आणि घातला त्यावर. एकदा नाही. स्प्रिंग उडून माझ्या हनुवटीला लागली, रक्त आलं, तरी मारत राहिले. पलीकडून शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या तेव्हा थांबले. तू असतास तर म्हणाला असतास, "वा! आता वजीर पण मार."

तुला मारामारीच आवडायची. लहानपणी पाढे चुकले की तू मला पट्टीने मारायचास, नंतर गावातल्या पोरांनी मला चिडवलं की त्यांना मारायचास. तुमच्या खेळाची भाषासुद्धा तसलीच. प्यादं मारलं, घोडा खाल्ला, राजाला कोंडला. मी पहिल्यांदा क्लबात आले तेव्हा चार आंधळी माणसं लायब्ररीच्या मागच्या खोलीत चहा पीत एकमेकांना "मारतो तुला आता" म्हणत होती, आणि मी दाराशीच थिजले. मार काय असतो ते मला माहीत होतं म्हणून.

ते आपण कधी पुरतं बोललोच नाही. आज बोलते.

तुला इंग्लंडात मेडनहेडला नोकरी लागली आणि तू माझ्यासाठी इल्फर्डचा मुलगा शोधलास. हॉटेलात आचारी, आपल्याच भागातला, दारू नाही. तुला वाटलं बहीण जवळ येईल. रविवारी तू फोन करायचास. "कशी आहेस?" मी काही बोलायची नाही, कारण तो समोर उभा असायचा. मग तू हसून आईचं वाक्य म्हणायचास, "शकी गप्प म्हणजे शकी मजेत." आई तसंच म्हणायची. लागलं-खुपलं तर हे पोर गाव गोळा करतं, गप्प आहे म्हणजे खेळतंय. चार वर्षं मी फोनवर गप्प होते, दादा. कंबरपट्ट्याने मारलं त्या दिवशीही, उलथनं तापवून पोटरीला लावलं त्या दिवशीही. तू दर रविवारी समाधानाने फोन ठेवायचास.

मग एकदा न सांगता आलास, दिवाळीचा डबा घेऊन. माझा ओठ पाहिलास. डबा खाली ठेवलास आणि नवऱ्याला भिंतीवर आपटलंस. तुझा गुडघा त्याच्या पोटात, तुझ्या मुठी, त्याचे दात, आणि मी कोपऱ्यात, नेहमीसारखी. तो सरपटत सिंकखाली गेला. तिथे मोरी मोकळी करायच्या जहाल पाण्याची, ॲसिडची, बाटली होती. तिचं झाकण नीट लागत नव्हतं हे मला माहीत होतं. त्याचा हात तिच्यावर पडला तेही मी पाहिलं. "दादा, बाजूला हो" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. निघाला तो तुझ्या. तसा आवाज मी गावाकडे डुक्कर मारताना ऐकला होता, माणसाचा कधी नाही.

तो तुरुंगात गेला. तू अंधारात गेलास. मी तुझ्याकडे स्लाऊला आले आणि परत कुठे गेले नाही.

पहिली दोन वर्षं तू ताटं भिंतीवर फेकलीस. मी भिंत पुसायची. मग कुणीतरी तुला लेनच्या क्लबात नेलं आणि तू तो पट घरी आणलास. प्रत्येक घराला भोक, काळी घरं उंच, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणी. बोटांनी बघायचा पट. प्रत्येकाचा पट वेगळा, आणि चाल मोठ्याने सांगायची. अक्षरं ऐकताना घोटाळा नको म्हणून पटाच्या आठ उभ्या रांगांना माणसांची नावं. ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. जगात कुठेही आंधळा माणूस बुद्धिबळ खेळला की हीच आठ नावं घेतो. मला ती पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झाली. तू म्हणालास, "शके, तूच ये माझी मदतनीस म्हणून. चाल ऐकायची, लिहायची, मी विचारलं तर वेळ सांगायची."

मी म्हटलं, "मला लोकांत बोलता येत नाही."

"लोक आंधळे आहेत की. तुला कोण बघतंय?"

ताटं फेकणं थांबलं ते तेव्हापासून. त्यासाठी मी आठ नाही, ऐंशी नावं पाठ केली असती.

वेळ सांगायची मात्र मला भीती वाटायची. सगळा हॉल शांत, त्यात माझं इंग्रजी. मग तू नियम केलास, आपल्या दोघांचा. "मी 'टाइम?' म्हटलं की पाच मिनिटांपेक्षा जास्त असेल तर तू गप्प राहा. कमी असेल तरच बोल. गप्प म्हणजे वेळ आहे." तू खूश होतास. मी पण. आईचंच वाक्य आपण परत वापरतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

समुद्रकाठच्या त्या गावातली स्पर्धा आली, सात देशांतल्या अंध क्लबांची. चार-चार जणांचे संघ. खेळणाऱ्यांच्या खोल्यांचे पैसे क्लब देणार, मदतनीसाचे नाहीत. माझे लेनने खिशातून भरले. तुला कळलं तेव्हा तू लाल झालास. "फेडायचे. एक पेनी ठेवायची नाही. आपण भीक मागायला आलो नाही." मी लोकांच्या घरी इस्त्रीची कामं धरली.

त्या आठवड्याइतकी मी कधी सुखी नव्हते, हे तुला सांगायचं राहिलं. सकाळी नाश्त्याला पन्नास काठ्या टेबलांना टेकवलेल्या. सगळे वासावरून सॉसेज शोधायचे. मी चाली मराठीत लिहायची, एव्हा चारला 'ए ४', हेक्टरला 'हे'. पंचांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, "ही लघुलिपी आहे का?" लेन म्हणाला, "मराठी आहे, मित्रा. वाचायला सांगा, ती वाचेल." आणि मी उभी राहून सगळा डाव वाचला. माझा आवाज त्या हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. तू खाली मान घालून हसत होतास.

आपण जिंकत गेलो. पोलंडच्या संघाशी बरोबरी, जर्मनांना हरवलं. शेवटच्या फेरीला आपण तिसरे होतो. जिंकलो तर पदक, हरलो तर काही नाही.

लेन जिंकला, इम्रान हरला, मार्गारेटने बरोबरी केली. उरलास तू. समोर तो धिप्पाड माणूस, मान बैलासारखी. तू त्याला चिरडत आणलं होतंस. मला खेळ फार कळत नाही, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. तिथे घड्याळं आकड्यांची होती, काटे चाचपायचे नाहीत, सगळा भरवसा मदतनीसावर. अडतिसावी चाल. त्याने हत्ती हलवला, आणि बोटांनी पट चाचपताना त्याला कळलं की आपण संपलो. त्याने मूठ उचलून टेबलावर आपटली. मोहरी भोकांत थरथरली, पाण्याचा ग्लास पडला. त्याच्या भाषेत तो काहीतरी ओरडला. पंच धावत आले.

आणि तू शांतपणे म्हणालास, "टाइम?"

चार मिनिटं होती. मी आकडा बघत होते. माझी पाठ खुर्चीला चिकटली होती, डोकं आपोआप दोन हातांत गेलं होतं, इल्फर्डला जायचं तसं. 'फोर' म्हणायचं होतं. एक शब्द. तीन मिनिटं. ओठ नुसतेच हलले. दोन मिनिटं. तू बोटं पटावर फिरवत होतास, निवांत, चेहऱ्यावर ते हसू, कारण मी गप्प होते, म्हणजे वेळ होता. एक. तू मात पक्की करत होतास. नंतर तूच सांगितलंस, चार चालींची होती, पहिलीच चाल हत्ती हेक्टर आठ. पलीकडचा मदतनीस म्हणाला, "टाइम." तुझी वेळ संपली, म्हणजे डाव गेला.

आपण चौथे आलो. अर्ध्या गुणाने.

इम्रान तुझ्यावर धावून आला. "मपेट! बिनडोक! वेळ विचारता येत नाही तुला?" लेनने विचारलं, "अशोक, काय झालं?" मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं, दादा. तुझा हात माझ्या मनगटावर आला आणि हाड मोडेल असं ते दाबलंस. "मी विचारलंच नाही," तू म्हणालास. "विसरलो."

"विसरलास?"

"विसरलो."

संध्याकाळी आपण समुद्रावर गेलो. वारा असा की बोलायला ओरडावं लागत होतं. मी म्हटलं, मी सांगणार. तू म्हणालास, "सांगितलंस तर परत तुला कुणी त्या खुर्चीवर बसू देणार नाही."

"नको बसू दे."

"मग घरात बसशील. कोपऱ्यात. मला ठाऊक आहेस तू. तोंड उघडलंस तर बघ, शके, समुद्रात ढकलीन."

"ढकल. डोळे घालवलेस माझ्यापायी, आता नाव पण घालव."

"कुणी सांगितलं तुझ्यापायी? तो नवरा मी शोधला होता!"

मग मी तुला मारलं. फाडकन, गालावर. आयुष्यात मी कुणावर हात उचलला नव्हता, आणि उचलला तो तुझ्यावर, ज्याला येणारा हात दिसत नाही. काळा चष्मा उडून गोट्यांवर पडला. कुत्रं फिरवणारा एक माणूस थांबून बघायला लागला. तुझे ते भाजलेले डोळे उघडे पडले, आणि तू हसायला लागलास. "अजून एक दे," म्हणालास. "चांगला बसला." मी गुडघ्यांवर बसून चष्मा शोधत होते आणि तू वर उभा राहून हसत होतास. इतका राग मला तुझा आला होता. अजून आहे.

पुढच्या वर्षी लेनने तुला संघात घेतलं नाही. कारण सरळ सांगितलं, "घड्याळाची जाण नाही." तू म्हणालास, "बरोबर आहे." दर मंगळवारी क्लबात जात राहिलास, मी चहा ओतत राहिले, आणि घरी येऊन तू टेबलावर तीच अडतिसावी चाल मांडायचास. हत्ती हेक्टर आठ. भोकात खुपसायचास असा, जसा सुरा. मी म्हणायची, "दादा, सांगू दे मला." तू म्हणायचास, "गप्प." दोन वर्षं हाच वाद. आणि मग त्या सकाळी तुझं डोकं पटावर होतं, कपाळात राजाची टाचणी रुतलेली, आणि मी हलवत होते, ओरडत होते. पुरतं ओरडले तेव्हा ऐकायला तू नव्हतास.

आता परवाचं सांगते. सोळा दिवस गप्प बसून झालं होतं. मंगळवारी मी लेनचं उरलेलं देणं फेडायला इस्त्रीचे पैसे घेतले आणि तो डावाचा कागद घेतला. पंचांनी वरचा ठेवला होता, खालची कार्बनची प्रत माझ्या साड्यांत होती. क्लबात गेले. लेन, इम्रान, मार्गारेट, तिघंच. चहा ओतला. मग म्हटलं, "आय वॉन्ट टू से समथिंग."

मी वाचलं. "अडतिसावी चाल. हत्ती बेला दोन. टाइम, असं अशोकने विचारलं. चार मिनिटं." मला प्रत्येक चालीपुढे वेळ लिहायची सवय होती, तुला माहीत आहे. "मदतनीस गप्प."

लेन म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. मग आपला नियम सांगितला. मूठ सांगितली. इल्फर्ड सांगितलं नाही, ते आपलं.

"म्हणजे त्याने विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

लेनने हात आपटला टेबलावर. केवढा आवाज, दादा! चहा सांडला, दुधाचा जग पडला. माझं डोकं खाली गेलं, हात वर आले. शरीर काही विसरत नाही.

"दोन वर्षं!" तो ओरडला. "दोन वर्षं तू मला चहा ओततेयस! मी त्याला संघातून काढला! मी त्याच्या प्रेतापाशी उभा राहून विनोद केला!"

"येस," मी म्हटलं. डोकं खालीच होतं. पण आवाज निघाला.

"सांगितलं का नाहीस?"

"तो म्हणाला, सांगू नको."

"आणि त्याने सांगितलेलं सगळं तू ऐकतेस?"

"नो," मी म्हटलं. "आय हिट हिम."

मार्गारेटच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. हसू होतं. इम्रान म्हणाला, "मी त्याला मपेट म्हणालो होतो. सगळ्यांसमोर." आणि उठून खिडकीशी गेला, ज्या खिडकीतून त्याला काही दिसत नाही.

मी म्हटलं, "लेन, आता तुम्ही सगळ्यांना सांगा." तुमच्या क्लबाची बातमीपत्रिका निघते ना, बोलून भरलेली, सगळ्या क्लबांना जाते ती. लेन बराच वेळ टेबलावरचा चहा तळहाताने पुसत राहिला. मग त्याने पिशवीतून आवाज भरायचं यंत्र काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "मी नाही. तू सांगायचं. तुझ्या आवाजात. आत्ता."

मी सांगितलं. पहिल्या वेळी 'माय नेम इज' म्हणून थांबले, लेनने पुसून परत लावलं. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत गेले. अशोकने वेळ विचारली होती. डाव त्याने जिंकलेला होता. हत्ती हेक्टर आठ. हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की लायब्ररीतली बाई दारात येऊन उभी राहिली.

लेन खूश झाला नाही. मला माफ केलं असंही म्हणाला नाही. कोट चढवायला लागला. मी त्याच्या हातात नोटा ठेवल्या. "अँड धिस. लास्ट."

इतकी वर्षं दहा-दहा पौंड देताना दर वेळी तो म्हणायचा, "राहू दे, पोरी, ठेव तुला." दर वेळी मी जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबायची. परवा तो तसं म्हणाला नाही. खाली बसला. एक नोट उलगडून अंगठा कोपऱ्यावर फिरवला, विसाच्या नोटेवर ठिपक्यांचे तीन पुंजके असतात, ते मोजले. मग दुसरी.

"चाळीस," तो म्हणाला.

"चाळीस."

"झाले सगळे?"

"सगळे."

त्याने नोटा घडी करून आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून बटण लावलं.